पूर्व, पश्चिम आणि मामाची मुलगी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. म्हणून ‘पौर्वात्य आणि पाश्चात्त्य संस्कृती : उगम आणि भेद’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मी एक सवलत मागून घेतली. तत्त्वज्ञानाची वाट सोडून मी इतिहासाच्या वाटेने जाणार आहे, आणि तीही एका अगदी घरगुती प्रश्नावरून : कोणी कोणाशी लग्न करायचं?

मराठीत या विषयावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेपासून, म्हणजे 1874पासून, सतत बोललं गेलं आहे. पुष्कळ व्याख्यानांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. पूर्व अध्यात्मवादी, पश्चिम जडवादी. त्यांनी यंत्र द्यावं, आपण आत्मज्ञान द्यावं. हे सूत्र घडलं कसं ते पाहिलं की गंमत वाटते. विल्यम जोन्सने 1784 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी चार्ल्स विल्किन्सची इंग्रजी गीता निघाली. दारा शुकोहने 1657 मध्ये उपनिषदं फारसीत आणवली होती. त्या फारसीवरून आंकतील द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केलं, ते 1801-02 मध्ये छापलं गेलं, आणि ते वाचून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअर भारावला. युरोपातल्या काही मनांना स्वतःच्या समाजाचा कंटाळा आला होता. त्यांना एक ‘पूर्व’ हवी होती, ती त्यांनी ग्रंथांतून उभी केली. पुढे तीच आपल्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांच्या हाती आली. पारतंत्र्यात तिचा आधार मोठा होता : तोफा त्यांच्या, रेल्वे त्यांची, आत्मा मात्र आमचा. त्या पिढ्यांना मी नावं ठेवत नाही. पण स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं उलटल्यावर आपण तेच घोकत बसलो, तर त्याला आळस म्हणतात. कौटिल्य आणि चार्वाक ज्या देशात झाले तो निव्वळ अध्यात्मवादी कसा? बेनेडिक्टचे मठ आणि असिसीचा फ्रान्सिस ज्या खंडात झाला तो निव्वळ जडवादी कसा?

नकाशाही मदतीला येत नाही. ग्रीक आणि इराणी यांच्या युद्धाचा इतिहास लिहून पूर्व-पश्चिम झगड्याची पहिली मोठी कथा रचली ती हिरोडोटसने. तो जन्मला हॅलिकार्नाससला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोद्रुमला, आशियाच्या किनाऱ्यावर. जमीन मुळात एकच असताना तिला युरोप, आशिया आणि लिबिया अशी तीन बायकांची नावं कोणी आणि का दिली, असा प्रश्न त्यालाच पडला होता. ग्रीक तत्त्वज्ञानाचा आरंभ ज्याच्यापासून सांगतात तो थेलीस मायलीटसचा, तेही त्याच किनाऱ्यावर. ख्रिस्ती धर्म पॅलेस्टाइनमधला. त्याची श्रद्धासूत्रं 325 मध्ये निकेआला ठरली, ते गावही आज तुर्कस्तानात आहे. पश्चिमेची म्हणून जी दोन मुळं सांगितली जातात, ती दोन्ही आशियाच्या मातीतली.

मग भेद नाहीच का? आहे, आणि तो खोल आहे. माझं म्हणणं एवढंच की तो देवघरात शोधण्याआधी लग्नाच्या याद्यांमध्ये शोधावा.

रोमन साम्राज्य कोसळल्यावर पश्चिम युरोपातल्या चर्चने हळूहळू एक काम आरंभलं. 506 मध्ये आग्दच्या धर्मसभेने चुलत-मामेभावंडांची लग्नं निषिद्ध ठरवली. बंदीचं वर्तुळ वाढत गेलं. अकराव्या शतकात ते सात पिढ्यांपर्यंत पोचलं, म्हणजे सात पिढ्यांमागचा पूर्वज एक निघाला तरी लग्न नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी जे धर्मपिता-धर्ममाता होतात त्यांच्याशी जडलेलं नातंही रक्ताच्या नात्यासारखंच धरलं गेलं. भावाच्या विधवेशी लग्न बंद. युरोपातल्या एखाद्या खेड्यात सात पिढ्यांचा हिशेब करायचा तर वधू मिळणंच मुश्कील, म्हणून 1215च्या लॅटरन परिषदेत तिसऱ्या इनोसंट पोपने ही मर्यादा चार पिढ्यांवर आणली. खापरपणजोबा एक असेल तर लग्न नाही, त्यापलीकडे मोकळीक.

याचा परिणाम काय झाला, याविषयी दोन विद्वानांनी मोठा वाद उठवला आहे. जॅक गुडी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने 1983 मध्ये मांडलं की लग्न, दत्तक आणि पुनर्विवाह यांवरच्या बंधनांमुळे वारस कमी झाले आणि बेवारस इस्टेटी चर्चकडे गेल्या. अलीकडे हार्वर्डचे जोसेफ हेन्रिक याहून पुढे गेले. त्यांच्या मते या बंदीमुळे युरोपातली भाऊबंदकी मोडली. कुळ नाहीसं झाल्यावर माणसाला परक्यांशी करार करून जगावं लागलं, आणि त्यातून व्यापारी संघ, स्वायत्त शहरं, विद्यापीठं उभी राहिली. व्यक्तिवाद हा तत्त्वज्ञांनी शोधलेला विचार नव्हे, काकांचा आधार सुटलेल्या लोकांची ती गरज होती, असा त्याचा सरळ अर्थ.

मला हेन्रिक यांची मांडणी फार आकर्षक वाटते, आणि म्हणूनच थोडी शंकाही येते. नात्यातल्या लग्नांवर बंदी पूर्वेकडच्या चर्चनेही घातली होती, 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला. तिथे मात्र हेन्रिक सांगतात तशी फळं आली नाहीत. ते याचं कारण तिथली अंमलबजावणी सैल होती असं देतात, आणि ते उत्तर जरा सोयीचं वाटतं. शिवाय पैसे आणि वशिला असला की बंदी वाकवता येत असे. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने 1570 मध्ये पोपची परवानगी काढून सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं. प्रॉटेस्टंट देशांत तर नियमच सैल झाला. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, 1540 मध्ये, भावंडांच्या मुलांची आपसांतली लग्नं कायदेशीर झाली. चार्ल्स डार्विनने 1839 मध्ये एमा वेजवुडशी लग्न केलं. ती त्याच्या आईच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे आपल्या भाषेत चक्क मामाची मुलगी. दुसऱ्या वर्षी व्हिक्टोरिया राणीने प्रिन्स अल्बर्टशी लग्न केलं. तो तिच्या मामाचा मुलगा. ज्या राणीच्या नावाने आपल्याला सुधारणेचे धडे दिले गेले तिचं लग्नही मामाच्या घरातलंच.

तरीही गाभ्यात काही उरतं. पश्चिम म्हणून आज आपण जे ओळखतो त्याचा मोठा भाग अथेन्समध्ये घडला नाही, मध्ययुगात घडला. हे मी दत्तकावरून सांगतो, कारण तिथे आपला थेट संबंध येतो.

रोमन लोक सर्रास दत्तक घेत. ज्युलियस सीझरने दत्तक घेतलेला बहिणीचा नातू ऑगस्टस झाला. त्राजान, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस हे सम्राट दत्तक होऊन गादीवर आले. मध्ययुगात युरोपाच्या पश्चिम भागात ही प्रथा क्षीण झाली, आणि इंग्लंडात तर ती कायद्यातून पार गेली. इंग्लंडात दत्तकाचा पहिला कायदा झाला तो 1926 मध्ये. आता 1848 आठवा. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने तो गादीसाठी अमान्य करून राज्य खालसा केलं. मग नागपूर, मग झाशी. ज्या देशात दत्तकाचा कायदाच नव्हता त्या देशाचे अधिकारी आपले दत्तक तपासत होते. खासगी मालमत्तेपुरता दत्तक त्यांनी मान्य केला, राज्यापुरता नाही. डलहौसीला धर्मशास्त्र कळलं नाही असं कृपा करून समजू नका. त्याला राज्य हवं होतं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी खालसा करण्याला विरोध केला होता, तोही ऐकला गेला नाही. पण औरस वारस नसला म्हणजे घराणं संपलं, हा विचार ज्या सहजतेने मांडता आला ती सहजता विशिष्ट समाजाची होती. ऑगस्टसला साताऱ्याचं दत्तकविधान लगेच समजलं असतं. रोम आणि सातारा एका बाजूला, लंडन दुसऱ्या. 1857 नंतर कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, कारण तोवर धडा मिळाला होता.

आता पूर्वेकडे वळू. इथे पहिली अडचण अशी की पूर्व नावाची एक गोष्ट सापडतच नाही. अरब समाजात चुलत्याची मुलगी ही पहिल्या पसंतीची वधू. चीनमध्ये एकाच आडनावाच्या स्त्री-पुरुषांचं लग्न थांग राजवटीच्या कायद्यानेही निषिद्ध. दक्षिण कोरियात ही बंदी इतकी टिकली की एकच आडनाव आणि एकच मूळगाव असलेल्या जोडप्यांवरचा निर्बंध तिथल्या घटना न्यायालयाने 1997 मध्ये घटनाबाह्य ठरवला, आणि कायद्यातून तो 2005 मध्ये गेला. जपानात मोठ्या वयाच्या कर्त्या जावयाला दत्तक घेऊन पेढी त्याच्या हाती देतात. या सगळ्यांना एका ‘पूर्वे’त कोंबायचं तर युरोपाबाहेर जे उरलं ते सगळं पूर्व, एवढीच व्याख्या हाती राहते.

आणि भारत तरी एक कुठे आहे? बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेच्या पाच आणि उत्तरेच्या पाच वादग्रस्त चालींची यादी आहे. दक्षिणेच्या यादीत बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं आणि मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करणं आहे. उत्तरेच्या यादीत लोकर विकणं, मद्य पिणं, शस्त्रांचा व्यापार आणि समुद्रप्रवास आहे. बौधायनाचा कल असा की ज्या त्या देशी ती ती चाल प्रमाण. एकाची चाल दुसऱ्याने उचलली तर दोष. हे गौतमाला मान्य नव्हतं, तेही तिथेच नोंदवलं आहे. दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात इतका मोकळा मतभेद वाचून मला दरवेळी बरं वाटतं.

इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये भारतातल्या आप्तसंबंधांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि देशाची विभागणीच नात्यांच्या घडणीवरून केली. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न नाही, गावातही नाही. मुलगी दूर द्यायची, आणि तिचं माहेर तिच्यापासून तुटायचं. दक्षिणेत नात्यातच मुलगी फिरते, कित्येक समाजांत सख्ख्या भाचीशीही लग्न होतं. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात : मामाची मुलगी चालते, पुष्कळ ठिकाणी तिच्यावर हक्कच सांगितला जातो, पण आत्याची मुलगी सहसा नको. सासू ही आत्या असणं आणि सासू ही परक्या गावची अनोळखी बाई असणं, यांत सुनेच्या रोजच्या जगण्यात जो फरक पडतो तो कर्वे यांनी ओळखला. 1955च्या हिंदू विवाह कायद्यानेही नात्यातल्या लग्नाच्या चालीला वाट ठेवली. बहीण-भावांच्या मुलांची लग्नं त्यात निषिद्ध नात्यांत आहेत, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर चालतात.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा सगळा फेरा मारला तिच्याकडे येतो. याज्ञवल्क्यस्मृतीने सपिंडाची, म्हणजे ज्या नात्यात लग्न वर्ज्य त्याची, मर्यादा पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्यांची सांगितली आहे. तिच्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य दरबारी, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी. साधारण त्याच सुमाराला रोमचं चर्च सात पिढ्यांचा हिशेब करत होतं. दोघांची एकमेकांना गंधवार्ता नव्हती. आकडा तोच, बंदी तीच. मग एकीकडे भाऊबंदकी मोडून नवा समाज तयार झाला आणि दुसरीकडे नाही, असं का?

याचं सर्वांत नेमकं उत्तर 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कमध्ये दिलं गेलं. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची घडण, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं : भारतात गोत्राबाहेर लग्न करण्याचा नियम मुळातला आहे, सगळीकडे पसरलेला आहे. नुसता तो नियम असता तर समाज आपोआप मिसळत गेला असता. त्याच्यावर दुसरा नियम लादला गेला, गटाच्या आतच लग्न करण्याचा, आणि तिथे जात जन्मली. चर्चने फक्त आतलं कुंपण घातलं : हे हे तुझे जवळचे, यांच्याशी नको, बाकी कोणताही ख्रिस्ती चालेल. आपण आतलंही घातलं आणि बाहेरचंही : जवळचे नकोत आणि परके तर नकोतच. दोन कुंपणांच्या मधल्या बोळात आपला समाज दीड-दोन हजार वर्षं नांदला. दख्खनेत आतलं कुंपण जरा अलीकडे घेतलं, म्हणून मामाची मुलगी चालली, पण बाहेरचं हललं नाही.

त्या निबंधात आंबेडकर एक हिशेब मांडतात, तो आजही वाचताना अंगावर येतो. बंद गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा गेला की बाई शिल्लक उरते आणि ती गटाबाहेर जाण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून सती किंवा सक्तीचं वैधव्य. बायको गेलेला पुरुष उरतो, त्याच्यासाठी लहान मुलगी, म्हणून बालविवाह. या तिन्ही चालींचं गौरवीकरण भरपूर झालं होतं. त्यांचं कारण शोधायचा प्रयत्न त्यांनी केला. युरोपातही बिननवऱ्याच्या बायका होत्याच. जॉन हजनाल या लोकसंख्याशास्त्रज्ञाने 1965 मध्ये दाखवलं की सेंट पीटर्सबर्गपासून त्रिएस्तेपर्यंत रेघ ओढली तर तिच्या पश्चिमेला लग्नं उशिरा होत आणि बऱ्याच जणी कधीच लग्न करत नसत. त्या घरकामाला राहत, मठात जात, सूत कातत. सुखात होत्या असं नव्हे. पण लग्न न झालेली बाई ही त्या समाजाच्या हिशेबात बसत होती.

पंडिता रमाबाईंना हे अमेरिकेत दिसलं. 1886 ते 1888 त्या तिथे होत्या. परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी मराठीत तिथल्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिलं.  नात्यागोत्याच्या नसलेल्या बायका एकत्र येऊन संस्था चालवतात, निधी गोळा करतात, सभा घेतात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, ते विधवांसाठी.

इथे कोणी म्हणेल की परक्यांशी करार करणं हा पश्चिमेचाच गुण. तसंही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज कायम वापरायचं. हे निगमसभेत जाहीर करून नोंदवलं गेलं. परदेशी वंशाचा राजपुरुष, बौद्ध भिक्षू आणि स्थानिक विणकर. यात नातं कोणाचं कोणाशी होतं? कायम ठेवीवर चालणारी संस्था ऑक्सफर्डच्या कितीतरी आधी आपल्याकडे होती. तिचं पुढे विद्यापीठ किंवा महापालिका का झाली नाही, याचं माझं उत्तर असं की व्यवसायाची श्रेणी आणि लग्नाची जात कालांतराने एकच होऊन बसली. विणकरांची सभा कोष्ट्यांची जातपंचायत झाली, आणि जातपंचायतीचं मुख्य काम कापडाचा दर ठरवण्यापेक्षा सोयरिकीवर नजर ठेवणं हे झालं. हे सिद्ध करायला पुरावा अजून पुष्कळ हवा, तरुण संशोधकांनी त्याच्या मागे लागावं.

म्हणून मला पूर्व आणि पश्चिम यांतला भेद आत्मा आणि जड यांचा वाटत नाही. तो माणसांनी केलेल्या व्यवस्थांचा आहे. व्यवस्था विशिष्ट शतकांत, विशिष्ट लोकांनी, बऱ्याचदा स्वार्थासाठी केल्या, आणि त्या बदलतात. युरोपाने आपलं आतलं कुंपणही पुढे बरंचसं काढून टाकलं, तरी त्याच्यामुळे उभ्या राहिलेल्या संस्था टिकल्या. आपण मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये. जन्मसिद्ध वाटा फक्त मुलग्यांना, हा मिताक्षरेचा एक खांब आपणच हलवला आणि आभाळ कोसळलं नाही. बाहेरचं कुंपण मात्र उभंच आहे. 2011-12च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे पाच टक्के निघालं. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर पत्रिका एकवेळ गाळता येते, जातीचा रकाना ठळक असतो; आणि तो रकाना न्यू जर्सीत राहणारी आपली मुलंही भरतात. पश्चिमेत राहून पश्चिम अंगी लागत नाही, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना आहे. महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची चांगली परंपरा आहे. इतर प्रांतांतल्या अभ्यासकांना हेवा वाटावा असं हे साधन आहे. पण त्यांतले पुष्कळ मुलांच्या शाखेने चालतात. मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ संपते, आणि जातीबाहेर लग्न केलेल्यांची नोंद कधीकधी चुकून राहून जाते. तुमच्या कुळाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा मुलींच्या शाखा पुढे चालू ठेवा, सोयरिकी कुठे झाल्या ते गावासकट लिहा, आणि जातीबाहेर गेलेली एकही नोंद गाळू नका.